विश्वास कोणाचा कमी पडला? मार्कचा नववा अध्याय आणि घरातल्या गोळ्या

एका भगिनीचं पत्र, अहिल्यानगर जिल्ह्यातून:

‘माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे. आठव्या वर्षापासून त्याला फिट येतात. गोळ्यांमुळे मागच्या दीड वर्षात एकही फिट आली नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी आई त्याला सुटकेच्या (भूतबाधा काढण्याच्या) प्रार्थनासभेला घेऊन गेली. तिथे सांगितलं, मार्कच्या नवव्या अध्यायातल्या मुलात होता तोच आत्मा ह्याच्यात आहे. गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. तीन दिवस उपास आणि रात्रभर प्रार्थना करायला सांगितली. आईने गोळ्या बंद केल्या. चौथ्या दिवशी दोन फिट आल्या. परत विचारलं तर म्हणाले, घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडतोय. तेव्हापासून आई माझ्याकडे बघते. पुढच्या महिन्यात महिला मंडळात वचन देण्याची (बायबलमधला उतारा समजावून सांगण्याची) पाळी माझी आहे आणि उतारा नेमका हाच आला आहे. घरी काय करू? आणि तिथे काय बोलू?’

प्रिय ताई, प्रभू येशूच्या नावात सलाम.

वचनाचं नंतर बोलू, आधी गोळ्यांचं. भावाच्या गोळ्या अजून बंद असतील तर आजच त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा. ते भेटत नसतील तर जिल्हा रुग्णालय गाठा. सोबत जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या. गोळ्या कोणत्या तारखेपासून बंद आहेत आणि किती फिट आल्या ते नेमकं सांगा. जुना डोस स्वतःच्या मनाने एकदम सुरू करू नका. काही औषधं लगेच पूर्ण मात्रेत सुरू होतात, पण लॅमोट्रिजिनसारखं औषध काही दिवस खंडलं तर पुन्हा थोड्या मात्रेपासून चढवत न्यावं लागतं, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ येऊ शकतं. त्याला कोणतं औषध आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हा निर्णय डॉक्टरांवरच सोडा.

चौथ्या दिवशी फिट का आल्या, हे आईला सांगता येईल इतकं साधं आहे. फिटचं औषध अचानक थांबलं की मेंदू उघडा पडतो आणि काही दिवसांतच फिट परत येतात. कधी कधी त्या एकामागून एक येतात, माणूस मध्ये शुद्धीवरच येत नाही आणि जिवावर बेततं. त्यात जागरणाची भर पडली. झोपमोड हे फिट येण्याचं अगदी ओळखीचं कारण आहे. उपाशी राहिल्याने काहींना त्रास होतो, शिवाय उपासात गोळी चुकते ती वेगळीच. म्हणजे गोळ्या बंद, पोट रिकामं, रात्रभर जागरण आणि मोठ्या आवाजात तास न् तास प्रार्थना, ह्या सगळ्याने फिटला स्वतःच बोलावणं धाडलं. मग फिट आली की तीच आत्म्याचा पुरावा ठरली. ह्या चक्रात सापडलेल्या घराला दोष देण्यात अर्थ नाही. आईने लेकरावरच्या मायेपोटीच हे केलं आहे.

आता उतारा. गोष्ट अशी: एक बाप फिट येणाऱ्या आपल्या मुलाला शिष्यांकडे आणतो, त्यांना त्याच्यातला आत्मा काढता येत नाही, मग प्रभू त्याला बरं करतो. महिला मंडळात मार्क ९:१४–२९ आणि मत्तय १७:१४–२० हे दोन्ही समोर ठेवा. दोन भगिनींना आळीपाळीने वाचायला सांगा, कारण एकच वाचला की अर्धी गोष्ट हातातून निसटते. मग मंडळासमोर एकच प्रश्न ठेवा: ह्या प्रसंगात प्रभूने विश्वास कमी पडल्याचं कोणाला सांगितलं?

उत्तर मत्तयमध्ये स्वच्छ आहे. शिष्य एकांतात विचारतात, आम्हाला ते का काढता आलं नाही? प्रभू म्हणतो, तुमच्या अल्पविश्वासामुळे. मोहरीच्या दाण्याची गोष्टही तिथेच येते आणि तीही शिष्यांनाच उद्देशून. प्रार्थना करायला उभे राहिले आणि जमलं नाही, त्यांना हे शब्द ऐकावे लागले. आजारी मुलाला विश्वासाबद्दल एक शब्दही विचारलेला नाही. तो तर बोलूच शकत नव्हता. तुमच्या घरी नेमकं उलट झालं. प्रार्थना करणाऱ्यांनी आपल्या वाट्याचं वाक्य उचललं आणि तुमच्या आईच्या पदरात घातलं. ताई, महिला मंडळात एवढी एक गोष्ट नीट पोचली तरी पुष्कळ झालं.

कोणी भगिनी विचारेल, ‘पण प्रभूने बापाला म्हटलंच ना, विश्वास ठेवणाऱ्याला सर्व काही शक्य आहे?’ हो, मार्क ९:२३ मध्ये आहे. तो भाग टाळू नका. पुढचं वचन मात्र लगेच वाचा. बाप रडवेला होऊन ओरडतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच श्वासात दोन्ही. त्याच्या विश्वासाची मात्रा कोणी मोजत बसलं असतं तर तो नापासच झाला असता. प्रभूने तेवढ्यावर काम केलं, आणखी आणायला परत पाठवलं नाही. ‘अविश्वासी पिढी’ हे शब्दही कोणी काढेल, ते १९व्या वचनात आहेत. आजूबाजूला कोण उभे आहेत ते बघायला सांगा: वाद घालणारे शास्त्री, हतबल शिष्य, बघ्यांची गर्दी. जमिनीवर पडलेल्या मुलाकडे बोट दाखवून ते बोललेले नाहीत.

ह्या प्रसंगात एक बारकावा आहे, तो सहसा घाईत सुटून जातो. मुलगा समोर लोळतोय, तोंडाला फेस आहे आणि प्रभू बापाला विचारतो, ह्याला असं होऊन किती काळ झाला? बाप सांगतो, लहानपणापासून. विस्तवात पडतो, पाण्यात पडतो. डॉक्टर पहिल्या भेटीत विचारतात ते हेच: कधीपासून, कसं होतं, पडून लागतं का. कोणाचं पाप, घरात कोणी काय केलं, कोणी करणी केली, ह्यातलं काहीही प्रभूने विचारलं नाही. योहान ९ मध्ये शिष्यांनी आंधळ्या माणसाबद्दल नेमकं ते विचारलं, पाप कोणी केलं, ह्याने की आईबापांनी? प्रभूने दोन्ही नाकारलं. हे वचन आईसाठी जपून ठेवा. आज नाही तर उद्या तिला लागेल.

उपासाबद्दल. मार्क ९:२९ च्या शेवटी काही बायबलांत ‘व उपास’ हे शब्द आहेत, काहींत ते कंसात किंवा तळटिपेत जातात. मत्तय १७:२१ हे वचनच पुष्कळ नव्या भाषांतरांत गाळलेलं किंवा कंसात असतं. कारण असं की चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन ह्या जुन्या हस्तलिखितांत मार्कमध्ये ‘उपास’ नाही आणि मत्तयमधलं ते वचनही नाही. पण हा वाद मंडळात लांबवू नका, बायबलावरचा भगिनींचा भरवसा उगाच डळमळेल. ‘उपास’ हा शब्द धरला तरी तो उपास शिष्यांनी करायचा आहे, प्रार्थना करणाऱ्यांनी. आजाऱ्याला उपाशी ठेवा असं प्रभू कुठेच म्हणत नाही. याईराच्या १२ वर्षांच्या मुलीला उठवल्यावर त्याने काय सांगितलं? हिला खायला द्या. आईला उपास करायचाच असेल तर तिने एका वेळचं जेवण सोडावं, तेही तिला साखरेची किंवा बीपीची गोळी नसेल तरच. भाऊ वेळेवर जेवेल, वेळेवर गोळी घेईल, वेळेवर झोपेल.

हा आजार आहे की आत्मा, हा प्रश्न येणारच. मार्क मुका आणि बहिरा आत्मा म्हणतो. मत्तयमध्ये बाप त्याच मुलाला फेफरेकरी म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘चंद्राने झपाटलेला’ असा होतो, कारण त्या काळी फिटचा संबंध चंद्राच्या कलांशी जोडत. मत्तय ४:२४ मध्ये प्रभूकडे आणलेल्यांची यादी आहे, त्यात भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षघाती अशी नावं वेगवेगळी आहेत. म्हणजे प्रत्येक फिटमागे आत्मा असतो असं शुभवर्तमान स्वतःच म्हणत नाही. अशुद्ध आत्म्यांवर प्रभूचा अधिकार आहे, हे आम्ही मनापासून मानतो आणि तो भाग गाळून शिकवा असंही सांगणार नाही. पण कोणत्या आजाऱ्यात काय आहे, हे सभेत माईकवरून पाच मिनिटांत ठरवायचा अधिकार त्यातून कोणाला मिळत नाही. कॅथलिक मंडळीत (चर्चमध्ये) धर्मनियम ११७२ नुसार बिशपांच्या खास परवानगीशिवाय भूत काढण्याचा विधी कोणी करू शकत नाही आणि त्याआधी आजार नाही ना हे तपासणं अपेक्षित असतं. जुन्या मंडळ्यांनी ही सावधगिरी उगाच घेतलेली नाही. तुमचा भाऊ दीड वर्ष गोळ्यांवर स्थिर होता आणि गोळ्या बंद होताच फिट आल्या. ह्याचा अर्थ सरळ आहे.

आता सगळ्यात अवघड क्षण. तुमचं वचन संपलं की कोणीतरी उठून साक्ष देईल: ‘मी गोळ्या फेकल्या आणि प्रभूने मला बरं केलं.’ तिला थांबवू नका, खोटंही पाडू नका. ‘प्रभूचं आभार मानू’ म्हणा आणि मार्क १:४४ उघडा. प्रभूने कुष्ठरोग्याला शुद्ध केलं आणि लगेच याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला पाठवलं. लूक १७ मधल्या दहा जणांनाही तेच. लेवीय १४ मध्ये ती तपासणी कशी करायची ते सविस्तर आहे: याजक छावणीबाहेर जाऊन बघतो, मग सात दिवस थांबायचं आणि आठव्या दिवशी अर्पण. बरं झाल्याची खात्री करून घेणं हा अविश्वास असता तर प्रभूने पाठवलं नसतं. आज फिटच्या बाबतीत ती खात्री न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचे डॉक्टर, करतात. साधारण दोन वर्षं गोळ्या चालू असताना एकही फिट आली नाही तर ते ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) वगैरे बघून गोळ्या कमी करण्याचा विचार करतात. प्रत्येकालाच ते करता येतं असं नाही. आणि कमी करायच्या त्याही काही महिने घेऊन, टप्प्याटप्प्याने. एका सभेत फेकून नव्हे. आईशी बोलतानाही हीच वाट सोपी पडेल: ‘प्रभूने ह्याला बरं केलं असेल तर तपासणीत ते दिसेलच. आपण प्रभूने सांगितलं तसं दाखवून घेऊ.’ ह्यात तिच्या श्रद्धेला धक्का नाही आणि भावाच्या जिवालाही नाही.

डॉक्टरांविरुद्ध मार्क ५:२६ हमखास काढतात. १२ वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईने डॉक्टरांपायी सगळं खर्च केलं आणि तिचं आणखीच बिघडलं. वचन खरं आहे. त्या बाईचे हालही खरे आहेत, आणि चुकीच्या उपचारांत पैसा घालवलेली घरं आजही आहेत. पण प्रभूने तिला ‘वैद्यांकडे गेलीसच का’ असं विचारलं नाही, ‘मुली’ म्हणून हाक मारली. निरोग्यांना वैद्याची गरज नसते, दुखणाइतांना असते, हे प्रभूचेच शब्द आहेत, लूक ५:३१. आणि ते लिहून ठेवणाऱ्या लूकला पौल कलस्सै ४:१४ मध्ये प्रिय वैद्य म्हणतो. त्याच पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत शहरात आजारी सोडलं, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला आणि स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी करूनही तो गेला नाही. त्या तिघांचा विश्वास कमी होता असं कोणी म्हणत नाही. मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं. आपल्या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत नर्स आहेत. ती सेवा प्रभूच्या नावानेच चालते.

पैसे मागितले का, तेल किंवा रुमाल विकला का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मागितले असतील तर मत्तय १०:८ पुरे: फुकट मिळालं, फुकट द्या. मारहाण, बांधणं, मिरच्यांची धुरी असं काही झालं किंवा होणार असं दिसलं तर ती वचनाची चर्चा राहत नाही. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत काढण्याच्या नावाखाली असं करणं हा त्यात गुन्हा आहे, शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. घरात किंवा देवळात कोणाला इजा न करता केलेली प्रार्थना त्या कायद्याच्या आड येत नाही, हेही आईला सांगा. गरसेकरांच्या प्रदेशात कबरांमध्ये राहणाऱ्या भूतग्रस्त माणसाला साखळदंड घातले होते ते गावकऱ्यांनी. प्रभू भेटल्यावर तो माणूस वस्त्र नेसून, शुद्धीवर बसलेला दिसला.

घरी फिट आली तर काय करायचं ते लिहून स्वयंपाकघरात लावा, आईलाही वाचून दाखवा. आधी घड्याळ बघा. आजूबाजूची टोकदार वस्तू, स्टूल, गरम भांडं दूर सरकवा. डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याजवळचं बटण सैल करा. झटके थांबू लागले की त्याला कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास अडकणार नाही. हातपाय दाबून धरू नका, हाड मोडू शकतं. तोंडात चमचा, किल्ली, बोट काहीही घालू नका. दात तुटतात आणि तुटलेला दात श्वासनलिकेत जातो. चप्पल, कांदा हुंगवण्याचा काही उपयोग नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाण्याचा थेंबही नको. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा शुद्ध न येता दुसरी सुरू झाली, किंवा डोक्याला लागलं, किंवा पाण्यात असताना आली तर थेट १०८. मार्कमध्ये मुलगा झटक्यानंतर मेल्यासारखा पडतो आणि लोक ‘मेला’ म्हणू लागतात. फिटनंतरची गुंगी तशीच दिसते. कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. प्रभूने त्याचा हात धरून उठवलं. तुम्हीही शेजारी बसून राहा, नाव घेऊन हळू बोला. आजूबाजूला मोठमोठ्याने ओरडून प्रार्थना नको, शुद्धीवर येणारं माणूस त्याने घाबरतं.

विस्तव आणि पाणी हे बापाचे शब्द १९ वर्षांच्या मुलालाही तसेच लागू आहेत. बाथरूमला आतून कडी नको. विहीर, तळं, नदीत एकटं पोहणं बंद. चुलीपाशी किंवा गॅसपाशी एकट्याने उभं राहणं नको. गाडी चालवायची की नाही ते डॉक्टर सांगतील तसंच. एका वहीत तारीख, वेळ, किती मिनिटं चालली, आदल्या रात्री किती झोप झाली, गोळी चुकली का, हे लिहा. फिटचा छोटा व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो, पण तो फक्त डॉक्टरांना दाखवायचा, मंडळीच्या ग्रुपवर नाही. मार्क ९:२५ मध्ये लोकांची गर्दी धावत येतेय असं दिसताच प्रभू काम उरकतो आणि पुढचं बोलणं घरात, एकांतात होतं. मुलाचा तमाशा त्याने होऊ दिला नाही.

प्रार्थना सोडू नका. आईला प्रार्थना हवी आहे आणि ती तिची गरज खरी आहे. तुमच्या पाळकसाहेबांना याकोब ५:१४ प्रमाणे घरी बोलवा. तिथे आजारी माणूस मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठांना, बोलावतो, ते त्याच्याकडे येतात, तेल लावून प्रार्थना करतात. पंधरा-वीस मिनिटं, संध्याकाळी, जेवणाआधी. पाळकसाहेबांना आधी एकटं भेटून गोळ्यांबद्दल सांगा आणि त्यांनीच आईसमोर म्हणावं की गोळी चालू ठेवून प्रार्थना करू. तुमच्या तोंडून आईला जे पटणार नाही ते पाळकांच्या तोंडून पटेल. मार्क २ मधल्या पक्षघाती माणसाला छप्पर उचकटून खाली सोडलं तेव्हा प्रभूने बघितला तो त्याला आणणाऱ्या चौघांचाही विश्वास. आईचा उत्साह तिकडे वळवा. चार खांद्यांपैकी एक तिचा.

आणि भावाला विचारा. सगळ्या पत्रात त्याचं एकही वाक्य नाही. मार्क १० मध्ये बार्तिमयाला प्रभूने आधी विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? तो तर उघड आंधळा होता, तरी विचारलं. तुमचा भाऊ १९ वर्षांचा आहे. डोक्यावर हात ठेवलेला त्याला चालेल का, महिला मंडळात त्याचं नाव घेतलेलं चालेल का, पुन्हा त्या सभेला जायचंय का, हे त्याला विचारा आणि तो म्हणेल तसं करा. महिला मंडळात त्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय सांगू नका. मार्कमधल्या मुलाची गोष्ट सांगून तुमचं वचन पूर्ण होतं.

डॉक्टरांचा फोन मात्र आजच करा. गोळी पुन्हा सुरू झाली की जेवणानंतर आईच्या हातानेच त्याला द्यायला लावा.